आधी हात बघ

नाशिक,
११ ऑक्टोबर

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज आला तेव्हा मी वरणाला फोडणी देत होते. "आई, नाशिकमध्ये चांगला टॅटूवाला कोण?" तू 'काढू का' असं विचारलंच नाहीस, हे वाचता वाचता ध्यानात आलं आणि मोहरी जळाली. बाबांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, "तेवीस वर्षांची आहे, विचारतेय हेच खूप झालं." मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र पर्स उचलली आणि बघायला बाहेर पडले. एकतीस वर्षं ऑपरेशन थिएटरात सिस्टर म्हणून काढली मी. माझ्या लेकीच्या अंगात कुणी सुई घालणार असेल, तर ती जागा आधी मी बघणार. फोनवर सांगितलं असतं तर तू "हो गं आई" म्हणत अर्धं ऐकलं असतंस, म्हणून लिहिते आहे.

दोन आठवड्यांत चार ठिकाणी जाऊन आले. नावं लिहीत नाही, पत्रं कुणाच्या हाती लागतील सांगता येत नाही.

पहिला स्टुडिओ कॉलेज रोडला, पहिल्या मजल्यावर. जिना चढतानाच गाण्यांचा दणदणाट. काचेचं दार, काळा सोफा, भिंतीवर वाघ, शंकर, मोरपीस, पुन्हा शंकर. काउंटरवरचा पोरगा मला बघून उभाच राहिला. "काकू, कुणाला शोधताय का?" मी म्हटलं, "मलाच काढायचाय." त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण पाण्याचा ग्लास लगेच आला, तेवढं मान्य करायला हवं.

त्याने टॅबवर फोटो दाखवले. एकूण एक ताजे, नुकतं रक्त पुसून काढलेले. ताजा टॅटू म्हणजे चिंचेने घासलेलं पितळ, त्या दिवशी सगळंच चकाकतं. मी म्हटलं, "दोन वर्षांपूर्वीचा, भरून आलेला एखादा दाखवा." तो म्हणाला, "काकू, कस्टमर परत येत नाहीत ना." बरोबर आहे, समाधान झालेलं गिऱ्हाईक परत येतंच येतं.

भरून आलेलाच फोटो का मागायचा, ते सांगते. आपली वरची कातडी महिन्याभरात झडून नवी येते. शाई तिच्या खालच्या थरात, साधारण दीड-दोन मिलिमीटरवर बसली पाहिजे. वरच राहिली तर खपलीबरोबर निघून जाते. फार खोल गेली तर चरबीत पसरते आणि रेघेच्या कडेने निळसर सावली धरते. त्याला ते लोक ब्लोआउट म्हणतात. नीट बसलेली शाई आपल्याच पांढऱ्या पेशी गिळून धरून ठेवतात, एक मेली की शेजारची तेच कण उचलते, म्हणून टॅटू आयुष्यभर पुसला जात नाही. मशीनची सुई मिनिटाला काही हजार वेळा खालीवर होते आणि ती नेमकी त्या दीड-दोन मिलिमीटरवर ठेवायची ती हातानेच. कोपरापाशी कातडी जाड, मनगटाच्या आत कागदासारखी. शीर शोधणाऱ्या माणसाचा हात जसा अंदाज घेतो, तसंच ते आहे. हे कसब आहे की नाही, ते वर्ष-दोन वर्षांनीच कळतं.

पण त्या स्टुडिओतून मी उठले ती फोटोंमुळे नाही. आत एक मुलगा हातावर काहीतरी काढून घेत होता. आर्टिस्टच्या हातात काळे ग्लोव्ह्ज, तोंडाला मास्क, सगळं झोकात. तेवढ्यात फोन वाजला. त्याने त्याच ग्लोव्ह्जने फोन उचलला, स्पीकरवर टाकला, खुर्चीचा दांडा पकडून खुर्ची पुढे ओढली आणि पुन्हा सुई टेकवली. मग तोच फोन काउंटरवरच्या पोराने घेतला आणि त्याच हाताने समोसा खाल्ला. मनू, ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात स्वच्छ, असं नसतं गं. ग्लोव्ह्ज ही दुसरी कातडी. ती ज्याला लागली ते सगळं त्याच रक्तात आलं. हेपटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्ताच्या डागातसुद्धा निदान सात दिवस जिवंत राहतो. डाग डोळ्यांना दिसायलाच हवा असंही नाही.

त्याच्याकडे कोपऱ्यात निळ्या दिव्याचं छोटं कपाट होतं. पार्लरमध्ये असतं ना, तसलं. "यात सगळं स्टरलाइझ होतं," म्हणाला. तसं काही होत नाही. त्या उजेडात आधीच निर्जंतुक केलेली वस्तू फार तर ठेवता येते. निर्जंतुक करायचं तर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेचं यंत्र हवं : १२१ अंश, १५ पौंड दाब आणि पंधरा-वीस मिनिटं, तीही आधी घासून धुतलेल्या सामानाला. पाकिटावरच्या टेपच्या पट्ट्या काळ्या पडल्या आहेत का, ते मी एकतीस वर्षं बघत आले. तिथे ना टेप, ना पट्ट्या.

तुला कधी सांगितलं नाही ते आता सांगते. २००५ साली, तू तीन वर्षांची असताना, मला सुई टोचली होती. ऑपरेशन संपलं होतं, मी कचऱ्याची पिशवी बांधत होते आणि कुणीतरी वापरलेली सुई डब्यात न टाकता त्या पिशवीत टाकली होती. ग्लोव्हमधून अंगठ्याच्या बुडाशी गेली. कुठल्या पेशंटची, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हेपटायटिस बी ची लस मी घेतलेली होती, पण सी ची लस अजूनही नाही, एचआयव्हीचीही नाही. अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या, सगळं मळमळून यायचं. मग रक्ताची तपासणी सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. ते सहा महिने तू माझ्या ताटातला घास मागायचीस आणि मी द्यायची नाही. उष्ट्याने हे पसरत नाही हे मला पुस्तकासकट पाठ होतं, तरी द्यायची नाही. तू रडायचीस. आजीला वाटायचं, ही पोरीचे लाड करत नाही. शेवटचा रिपोर्ट निगेटिव्ह आला त्या दिवशी मी तुला अर्धी पुरणपोळी माझ्या हाताने भरवली आणि का, ते कुणाला सांगितलं नाही.

म्हणून कुठेही गेलीस तर पहिला प्रश्न हा विचार : "सुया कुठे टाकता?" जाड प्लॅस्टिकची, टोचून आरपार न जाणारी पांढरी बरणी दाखवली आणि ती कोण घेऊन जातं ते सांगितलं, तर पुढचं बोल. सुया कचराकुंडीत जातात असं कळलं, तर तिथे कितीही सुंदर शंकर असो, जिना उतर. जो सफाईवाल्याच्या हाताचा विचार करत नाही तो तुझ्याही हाताचा करणार नाही.

दुसरी जागा म्हणजे रामकुंड. हसू नकोस. देवीच्या दर्शनाला गेलेच होते, तर घाटाच्या पायऱ्यांपाशी तो बसलेला दिसला. समोर पत्र्याची पेटी, बॅटरीवरचं मशीन, पुठ्ठ्यावर ओम, त्रिशूळ, बदाम, नावांचे नमुने. हात काय सफाईचा होता त्याचा! एका माणसाच्या मनगटावर 'आई' लिहायला त्याला दोन मिनिटं लागली नाहीत आणि शिरोरेघ एका दमात, कुठे थरथर नाही. बाबा बरोबर असते तर तिथेच मांडी घालून बसले असते. पण शाई बाटलीच्या झाकणात, सुई फडक्याला पुसली की पुढचा हात पुढे. हात तयार असणं आणि जागा स्वच्छ असणं, दोन्ही एकाच ठिकाणी मिळेल असं धरून चालू नकोस. २०१५ च्या सिंहस्थात माझी ड्युटी तपोवनात साधुग्रामच्या दवाखान्यात होती, आठवतं? तिथे एकजण चार दिवसांपूर्वी काढलेला त्रिशूळ घेऊन आला होता. दंड भोपळ्यासारखा, काखेत गाठ, अंगात ताप. त्रिशूळ मात्र अगदी रेखीव होता.

आणि मी तरी कोण नावं ठेवणारी. माझ्या उजव्या हातावर अंगठ्याजवळ तो हिरवा ठिपका आहे ना, तो सप्तशृंगीच्या चैत्रातल्या यात्रेतला. नऊ वर्षांची होते. आम्ही सात-आठ पोरी ओळीने बसलो आणि गोंदणारणीने दोऱ्याने बांधलेल्या त्याच तीन सुया सगळ्यांना टोचल्या. नर्सिंगला असताना हेपटायटिसचा धडा शिकवला, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तिसरी जागा गंगापूर रोडची. स्वच्छ, अगदी दवाखान्यासारखी. सुयांची पाकिटं सील केलेली, त्यांवर मुदतीची तारीख, सगळं नीट. मला वाटलं, मिळालं. पण त्या माणसाने काय हवं, का हवं, कुठे हवं, काहीच विचारलं नाही. "आजच बसा मॅडम, दिवाळी ऑफर आहे, इंचाला सातशेचा रेट पाचशेत करतो." गोंदण काय साडी आहे, सेलमध्ये घ्यायला? मी म्हटलं, आजीच्या हातावर गोंदलेली आहे तशी तुळस काढायची आहे, तर मोबाइलवर शोधून कुठल्यातरी झाडाचं पान दाखवलं. ते तुळशीचं नव्हतंच. आणि मागे भिंतीवर एका तरुणाच्या छातीचा मोठा फ्रेम केलेला फोटो : 'आई-बाबांचा आशिर्वाद'. शि ऱ्हस्व. जन्मभरासाठी.

हे बाबांना सांगितलं, तर त्यांचा जीव कळवळला. तुला माहीत आहे, ते बोर्ड रंगवायचे तेव्हा आधी खडूने अक्षरं आखून गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचायला लावायचे आणि मगच ब्रश बुडवायचे. फ्लेक्स आला आणि वाचून घेणं गेलं, असं ते म्हणतात. त्यांनी तुझ्यासाठी निरोप दिलाय. देवनागरीतलं काही काढणार असशील तर आर्टिस्टला मराठी वाचता येतं का ते बघायचं. कॉम्प्युटरवरून अक्षरं उतरवताना कधी पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, कधी रफार सुटा पडतो, आणि ज्याला वाचता येत नाही तो ते तसंच काढतो. सुई लावण्याआधी कातडीवर चित्राचा छापा उमटवला की आरशात नाही, फोटो काढून वाचायचं, आणि आपण नाही, दुसऱ्या कुणीतरी मोठ्याने वाचायचं. अक्षर बारीक नको. वर्षागणिक रेघ जाड होत जाते, 'ष' चं पोट भरून जातं, 'ण' आणि 'ग' एकमेकांत मिसळतात. बोर्ड लांबून वाचतात आणि टॅटू वीस वर्षांनी वाचतात, दोन्हीला अंतर सोडावं लागतं, असं म्हणाले. मला हे त्यांचं वाक्य फार आवडलं, पण त्यांना सांगितलं नाही.

आता चौथी जागा. सिडकोत, एका गल्लीत तळमजल्यावरची खोली. बाहेर साधा बोर्ड, आत दोन खुर्च्या, एक बेसिन. बेसिन खोलीतच आहे हे मी आधी बघितलं. काम करणारी मुलगी तिशीतली असेल. मी खरं काय ते सांगून टाकलं, की माझ्या लेकीला काढायचाय आणि मी सिस्टर होते. म्हटलं, आता ही वैतागणार. ती म्हणाली, "मग बसा ना मॅडम. दुपारी एक ताई येणार आहेत, त्यांची हरकत नसेल तर बघा." त्या बाईंची हरकत नव्हती, उलट त्यांना बोलायला कुणीतरी मिळालं.

दीड तास मी त्या मुलीच्या हातांकडे बघत बसले होते. तिने आधी मशीनला, वायरला, फवारणीच्या बाटलीला आणि दिव्याच्या दांड्यालासुद्धा पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं. हात कोपरापर्यंत धुतले. नवा रेझर उघडून लव काढली आणि रेझर बरणीत टाकला. ग्लोव्ह्ज बदलले. छापा लावला, बाईंना उभं करून हात खाली सोडायला लावला, कारण हात वळला की चित्र वळतं. बाई म्हणाल्या, जरा वर हवं. तिने कुरकुर न करता पुसलं आणि पुन्हा लावलं. सुईचं पाकीट बाईंच्या हातात देऊन तारीख वाचायला लावली आणि त्यांच्यासमोर फोडलं. आता सुई आणि तिची नळी एकत्रच येते, कार्ट्रिज म्हणतात, वापरून टाकून द्यायची. आत एक पातळ पडदा असतो, त्याने रक्त आणि शाई मागे मशीनमध्ये जात नाही. स्वस्त कार्ट्रिजमध्ये तो पडदा नसतो, हे तिनेच सांगितलं. मला माहीत नव्हतं. शाई बाटलीतून चिमुकल्या टोपणांत थेंब थेंब काढली आणि बाटली लांब कपाटात ठेवून दिली. टोपणातली उरलेली शाई शेवटी टाकली.

मध्येच तिला निळी शाई कमी पडली. ग्लोव्ह्जचे हात छातीशी धरून ती उठली, आमच्या थिएटरातल्या बाया स्क्रब केल्यावर धरतात तस्से, ग्लोव्ह्ज काढले, हात धुतले, बाटली काढली, शाई घेतली, नवे ग्लोव्ह्ज घातले. एका थेंबासाठी. मला कुणी बघतंय म्हणून ती करत असेल असं आधी वाटलं. पण दाखवण्यासाठी करणारा माणूस मध्ये एकदा तरी आपल्याकडे बघतो. तिने बघितलं नाही.

शाई पातळ कशाने करता, असं मी मुद्दाम विचारलं. २०११-१२ मध्ये अमेरिकेत रोचेस्टरला टॅटू काढलेल्या १९ जणांना करड्या शाईतून जंतुसंसर्ग झाला होता. क्षयाच्या जंतूचाच पाण्यात राहणारा चुलतभाऊ. शाई डिस्टिल्ड पाण्याने पातळ केलेली होती आणि डिस्टिल्ड म्हणजे निर्जंतुक नव्हे, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. ती मुलगी म्हणाली, "मी पातळ करतच नाही, करड्यासाठी कंपनीचीच वेगळी बाटली घेते आणि तिचा बॅच नंबर गिऱ्हाइकाच्या फॉर्मवर लिहून ठेवते." मला ते आवडलं. उद्या काही झालंच तर कुठल्या बाटलीने, ते तरी कळेल.

आपल्याकडे या धंद्याला वेगळा परवाना नाही. भिंतीवर गुमास्ता लावलेला असला तर त्याचा अर्थ दुकान नोंदलेलं आहे एवढाच, किराणा दुकानालाही तो असतो. कोर्स केल्याची सर्टिफिकेटं मी वाचलीही नाहीत.

मग तिला तुझ्याबद्दल सांगितलं. तिने विचारलं, साखर आहे का, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू आहेत का, कशाची अॅलर्जी आहे का, आणि "कुठे कापलं-टोचलं तर गाठ येते का?" मी गप्प झाले. तुझ्या कानाच्या वरच्या पाळीला टोचलं तेव्हा हरभऱ्याएवढी गाठ आली होती ना, आणि दंडावरची बीसीजीची खूणही जाड आहे. मला, सिस्टरला, ते आठवलं नव्हतं. तिने कागद-पेन खाली ठेवलं. म्हणाली, "मग दंडावर मी काढणार नाही. आणि हातावरही लगेच नाही. आधी स्किनच्या डॉक्टरांना दाखवा. ते चालेल म्हणाले तर मी तीन ठिपके देईन, पैसे नको. सहा आठवडे थांबू. कातडीने ऐकलं तर पुढचं."

मनू, मी तिथेच ठरवलं. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवणारी माणसं आता कमी राहिली आहेत. फक्त सहा आठवडे मला मान्य नाहीत. तसली गाठ कधी कधी तीन-तीन महिन्यांनी डोकं वर काढते. मी तिला तसं म्हटलं, तर ती म्हणाली, "मग गुढीपाडव्याला करू." असं आमचं जमलं.

तर दिवाळीचं असं कर. ठिपके भाऊबीज झाल्यावरच. आधी काढलेस तर अभ्यंगाला तेल-उटणं लागणार आणि आजी तुझं ऐकणार नाही. काढल्यावर साध्या साबणाने हलक्या हाताने धुवायचं, टिपून कोरडं करायचं, बिनवासाचं क्रीम अगदी पातळ लावायचं, खपली नखाने काढायची नाही. दोन-तीन आठवडे पोहायचं नाही, उन्हात उघडा हात नाही, गोदावरीत तर बोटही नाही. हळद मुळीच नाही. आजी वाटी घेऊन तयारच आहे, तिला मी बघते. आदल्या दिवशी पार्टी नको, दारूने रक्त जास्त येतं. हो, मला माहीत आहे. जेवून जायचं. लाल रंग घालू नकोस, अॅलर्जी सगळ्यांत जास्त त्याचीच होते. आपल्या गव्हाळ कातडीवर पिवळं-पांढरं टिकतही नाही, काळंच शोभतं. उद्या मन बदललं तर लेझरने काढू, असं मनात ठेवून काढू नकोस. महिनोन्महिने आठ-दहा वेळा जावं लागतं, काढण्यापेक्षा जास्त दुखतं आणि तुझ्या कातडीवर तर मी ते होऊच देणार नाही.

आणि वाढदिवसाचं रक्तदान दिवाळीआधीच उरकून घे. टॅटूनंतर बारा महिने रक्त घेत नाहीत. विक्यालाही सांग, तो तुझ्या मागोमाग काढायला निघेल. सैन्यभरतीत कोपरापासून मनगटापर्यंत हाताची आतली बाजू आणि तळहाताची मागची बाजू एवढंच चालतं. त्याला मानेवर विंचू हवाय म्हणे. देवळालीला रोज पहाटे पळायला जातो आणि मानेवर विंचू!

आता मुख्य काम. डिझाइन मोबाइलवरून घ्यायचं नाही. बाबा गेल्या रविवारी आजीच्या खोलीत बटर पेपर घेऊन बसले. आजीचा हात उशीवर ठेवला, कातडी दोन बोटांनी ताणून धरायचं काम माझ्याकडे. साठ-सत्तर वर्षांत तुळस पसरून हिरवी झाली आहे. काजळीच ती, पण कातडीखालून बघताना काळं निळं-हिरवं दिसतं. पानं एकमेकांत गेली आहेत, वृंदावनाची पायरी सुरकुतीत बुडाली आहे. बाबा मूळ रेघ कुठून गेली असेल ते शोधत होते, भिंतीवरची जुनी पुसट जाहिरात पुन्हा रंगवताना शोधायचे तसे. आजी सांगत होती, "लगनाच्या आधी माहेरी गोंदलं. सूपभर बाजरी दिली व्हती तिला. सोनंनाणं समदं हितंच राहतं बाई, गोंदान तेवढं संगं येतं."

बाबांनी वृंदावनाखालचे ठिपके मोजले. आठ. आजी म्हणाली, नऊ. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा मोजले, मीही मोजले, आठच. आजी हसायला लागली. "नववा राह्यला. लई दुखाया लागलं तं मी हात वढून घेतला. ती म्हनली, सासरी जाऊन पुरा कर. मंग कोन करतंय!"

तर बाबांनी दोन कागद करून ठेवले आहेत, एक आठ ठिपक्यांचा आणि एक नऊ. आधी द्यायचे तीन ठिपके वृंदावनाच्या खालचेच धरायचे ठरले, म्हणजे पुढे चित्रात बसतील. पण ते कुठे पडतील हे एकूण आठ की नऊ यावर आहे, आणि त्या मुलीला आधी कळवायला हवं. तू येशील तेव्हा आजीपाशी बसून काय ते ठरव. सकाळी बस, दुपारी तिला झोप लागते.

तुझी,
आई